हिमालय कितने बजे खुलता है?

रानीखेत एक्सप्रेस रानीखेतला जात नाही. ती जैसलमेरहून निघते, रात्री दिल्लीत माणसं भरून घेते आणि पहाटे काठगोदामला येऊन हात टेकते. तिथं रूळ संपतात आणि पहाड सुरू होतो. १८८४ साली इंग्रजांनी आगगाडी काठगोदामपर्यंत आणली, समोरचा चढ पाहिला आणि पुढचं काम तहकूब केलं. ते अजून तहकूबच आहे. रानीखेतला जायचं तर पुढच्या ऐंशीएक किलोमीटरचं प्रवाशानं आपापलं बघून घ्यायचं.

आम्हाला रानीखेतला जायचंच नव्हतं. तरीही मामा भल्या पहाटे, कानटोपी घालून, काठगोदामच्या फलाटावर ‘मग गाडीवर नाव कशाला लिहिता’ या मुद्द्यावर एका हमालाला धारेवर धरून उभे होते. हमाल हिंदीत बोलत होता. मामाही हिंदीतच बोलत होते, असं त्यांचं म्हणणं आहे. मामांची हयात सरकारी नोकरीत गेली. कागदावर एक आणि जागेवर दुसरं हा प्रकार त्यांनी तीस वर्षं पाहिलेला. त्यामुळे निवृत्तीनंतर तो त्यांना अजिबात खपत नाही.

आम्ही निघालो होतो कौसानीला. हे गाव आमच्या हिनं निवडलं. तिची अट एकच होती, गाव शांत पाहिजे. नैनितालला गेलं तर तलावाकाठी निम्मी दिल्ली आणि उरलेलं ठाणे भेटतं. मसुरीच्या मालरोडवर चालायला रांग लावावी लागते. “जिथं काही म्हणजे काही नाही असं ठिकाण बघ,” ती म्हणाली. शोधाशोध केल्यावर कळलं की कौसानीत खरंच काही नाही. समोर तेवढा हिमालय आहे. चौखंबापासून त्रिशूळ, नंदादेवी, नंदाकोट ते पार पंचचुलीपर्यंत, तीनशेएक किलोमीटरची हिमशिखरांची रांग, तीही हॉटेलच्या गच्चीत खुर्ची टाकून बसल्या जागी दिसणारी. मामांना गुडघ्यांमुळे चढणं नको आणि मामींना मामांमुळे उतरणं नको. तेव्हा बसल्या जागी दिसणारा हिमालय सर्वांनाच पसंत पडला. महिना मेचा होता. मराठी माणूस हिमालयात मेमध्येच जातो. शाळेच्या सुट्टीमुळे पडलेली ही सवय मुलांची मुलं शाळेत गेली तरी सुटत नाही.

काठगोदामपासून कौसानी १३०-१३५ किलोमीटर. सपाटीवर हे अंतर किलोमीटरमध्ये मोजतात, पहाडात ते वळणांत मोजतात, आणि मामी ते उलट्यांत मोजत होत्या. त्यांच्या पिशवीत लिंबू, ओवा, आवळासुपारी आणि दुधाच्या रिकाम्या, धुऊन वाळवलेल्या पिशव्या अशी जय्यत तयारी होती. एवढ्या तयारीमुळे असेल, पण त्यांना स्वतःला काहीच झालं नाही. पिशव्या मामांच्या उपयोगी पडल्या. आमचा ड्रायव्हर बागेश्वरकडचा, बावीस-तेवीस वर्षांचा, एका हातानं गाडी आणि दुसऱ्या हातानं गाणी बदलणारा मुलगा होता. कुमाऊँमध्ये थोरल्या भावाला ‘दाज्यू’ म्हणतात, हे हिनं कुठंतरी वाचलं होतं. ती त्याला अदबीनं दाज्यू म्हणायला लागली. तो बिचारा इतका लाजला की पुढची दहा वळणं त्यानं दोन्ही हातांनी गाडी चालवली.

भवालीच्या पुढं कैंची लागलं आणि गाड्या थांबल्या. रस्त्याची दोन वळणं कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकांवर येतात म्हणून गावाचं नाव कैंची. त्या कात्रीत त्या दिवशी अर्धं उत्तर भारत अडकलं होतं. इथं नीम करोली बाबांचा आश्रम आहे. स्टीव्ह जॉब्ज तरुणपणी बाबांना भेटायला १९७४ साली इथवर आला. बाबांनी देह ठेवला होता १९७३ च्या सप्टेंबरातच. पुढं झुकरबर्गही येऊन गेला. दाज्यूनं ही कथा मोठ्या अभिमानानं सांगितली. मामांनी ती डोळे मिटून ऐकली आणि एवढंच म्हणाले, “आधी कळवून यायला पाहिजे होतं त्यानं.” गाडी हलेपर्यंत हिला आश्रमात जाऊन दर्शन घेऊन परत येता आलं. आम्ही ज्या जीपच्या मागं उभे होतो तिच्याच मागं अजून उभे होतो.

गरमपानीला जेवायला थांबलो. हे गाव रायत्यासाठी प्रसिद्ध आहे, हे तिथल्या प्रत्येक ढाब्याच्या पाटीवरून कळतं. रायतं म्हणजे आपल्या डोळ्यांसमोर जे गरीब, गोडसर, बाळंतिणीलाही चालेल असं येतं, ते हे नव्हे. किसलेली काकडी, घट्ट दही, हळदीचा पिवळा रंग आणि कच्ची वाटलेली राई. मामांनी भूक लागली म्हणून अर्धी वाटी एका दमात तोंडात घेतली. पहिले दोन सेकंद काहीच झालं नाही. मग राई नाकातून वर चढली आणि टाळूपर्यंत पोचली असावी, कारण मामांनी कानटोपी काढून टेबलावर ठेवली. प्रवासात ती प्रथमच निघाली. डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि बोट मात्र वाटीकडे. मामींनी चमच्याच्या टोकावर घेऊन चाखलं. “मोहरी फेसून घातलीय,” त्या म्हणाल्या. “लोणच्याला घालतो तशी. छान फेसलीय.” त्यांनी आत जाऊन ढाबेवाल्याच्या बायकोला शोधून काढलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी पाटा, वरवंटा आणि मनगट एवढ्या खुणांवर वीस मिनिटं बोलणं झालं. मामा बाहेर बाकावर बसून हळूहळू माणसांत येत होते.

कुमाऊँच्या जेवणानं मामींचा प्रवासभर पिच्छा पुरवला. हॉटेलात पहिल्याच रात्री ‘पहाडी थाळी’ म्हणून वेगळं, महागडं, मातीच्या ताटलीतलं प्रकरण आलं. वेटरनं एकेका पदार्थाचं नाव सांगितलं: मडुव्याची रोटी, गहतची डाळ, झंगोऱ्याची खीर. मामींनी एकेकाला हात लावून पाहिला. मडुवा म्हणजे नाचणी. गहत म्हणजे कुळीथ. झंगोरा म्हणजे आपल्या वरीचा सख्खा भाऊ. “अहो,” त्या मामांना म्हणाल्या, “ही आमच्या गुहागरच्या घरची रोजची ताटली. लग्न झाल्यापासून मी कुळथाचं पिठलं केलं की तुम्ही नाक मुरडता. इथं साडेचारशे रुपये देऊन खा आता.” मामांनी निमूटपणे खाल्लं. वेटर म्हणाला, पथरीसाठी गहतचं पाणी फार चांगलं असतं. मामी म्हणाल्या, हे त्यांच्या आजीलाही ठाऊक होतं. पुढचे सगळे दिवस मामा रोज सकाळी ‘साधा टोस्ट’ मागवत राहिले.

आता हिमालय. त्याच्यासाठीच तर गेलो होतो.

कौसानीत शिरल्या शिरल्या एक पाटी आपलं स्वागत करते: हे गाव म्हणजे भारताचं स्वित्झर्लंड, असं गांधीजींनी म्हटलं आहे. गावात हे वाक्य हॉटेलांवर आहे, शालींच्या दुकानावर आहे, चहाच्या पुड्यावरही आहे. गांधीजी कौसानीत आले १९२९ च्या जूनमध्ये. रोमां रोलां यांना भेटायला ते स्वित्झर्लंडला गेले १९३१ च्या डिसेंबरात. म्हणजे उपमेय आधी पाहिलं आणि उपमान अडीच वर्षांनी. हे महात्म्यालाच जमावं. कुमाऊँच्या दौऱ्यानंतर त्यांनी एक गोष्ट मात्र खरोखर लिहिली: एवढे पहाड घरात असताना आपली माणसं प्रकृती सुधारायला युरोपात कशाला जातात, याचं त्यांना नवल वाटलं. हे वाक्य कुठल्याही हॉटेलवर नाही, कारण त्यात स्वित्झर्लंडला काही मान राहत नाही.

आमच्या हॉटेलात दोन प्रकारच्या खोल्या होत्या, साध्या आणि ‘व्ह्यू’च्या. व्ह्यूला रात्रीचे आठशे रुपये जादा. मामांनी व्ह्यू घेतला. खोलीत जाऊन पडदा सर्रकन बाजूला सारला. समोर खिडकी होती आणि खिडकीत पांढरट, करडं, धुरकट असं काहीतरी होतं. मामांनी काच पुसली. मग चष्मा पुसला. मग काउंटरवर फोन केला.

“भैया, हिमालय कितने बजे खुलता है?”

हा प्रश्न ऐकून पलीकडचा माणूस हसेल असं मला वाटलं होतं. पण पहाडात ‘मौसम खुलना’ हे रोजचं बोलणं आहे. तो अत्यंत गंभीरपणे म्हणाला, “सर, पूरा तो अक्टूबर में खुलता है.”

मामांनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. ऑक्टोबरपर्यंत दुकान बंद ठेवणारा व्यवसाय त्यांनी पाहिला नव्हता. संध्याकाळी ते व्यवस्थापकाकडे आठशे रुपयांचा विषय घेऊन गेले. माल दाखवला नाही तर पैसे कशाचे? व्यवस्थापक अतिशय सभ्य माणूस होता. “सर,” तो म्हणाला, “पैसा खिड़की का है. पहाड़ तो भगवान का है, वो फ्री है.” मामा निरुत्तर झाल्याचं मी त्याआधी एकदाच पाहिलं आहे, ते मामींच्या माहेरी.

धुरकटपणाचं कारण दुसऱ्या दिवशी दाज्यूनं दाखवलं. गावाबाहेरच्या उतारावर सगळी चीडची झाडं. चीड म्हणजे तिथला पाइन. त्याच्या सुया वाळून खाली पडतात. त्यांना तिथं पिरूल म्हणतात. मे येईपर्यंत पिरूलचा वीतभर थर साचलेला असतो. त्यावरून चालताना पाय घसरतो आणि एक काडी पडली तर डोंगर पेटतो. त्या दिवसांत दूर कुठंतरी कायम जंगल जळत असतं. धूर दऱ्यांत साचून राहतो आणि मधल्यामधे नंदादेवी गडप होते. नंदादेवी म्हणजे ७८१६ मीटर, लहानसहान बाब नव्हे. पण वाळल्या सुयांनी तिला झाकून टाकलेलं. जरा वर बांजाची झाडं होती, ओकच्या जातीची. दाज्यू म्हणाला, बांजाच्या मुळाशी पाणी राहतं, चीडच्या मुळाशी राहत नाही. म्हणून गावातल्या बायका बांजाला जपतात. चीडच्या बुंध्यांवर तिरप्या खाचा मारून खाली छोटे शंकूसारखे डबे अडकवले होते. खाचेतून पांढरट, चिकट लीसा थेंबाथेंबानं डब्यात उतरत होता. त्याचं पुढं टर्पेंटाइन होतं. मामांनी एका झाडाच्या खाचेला बोट लावलं. ते बोट पुढं दोन दिवस ज्याला लागेल त्याला चिकटत होतं. त्यात व्यवस्थापकाची नोंदवहीही आली.

गावात बंगाली पाहुणे पुष्कळ. कौसानीवर बंगाल्यांचा जुना हक्क आहे. काही हॉटेलांच्या पाट्या बंगालीतही आहेत. हिमालयावर बंगालीत इतकं लिहिलं गेलंय की ती मंडळी इथं केवळ पाठांतर तपासायला येत असावीत. आमच्या गच्चीवर कोलकात्याचे एक सत्तरीचे गृहस्थ रोज पहाटे माकडटोपी, मफलर, थर्मास आणि दुर्बीण घेऊन हजर असत. समोर शून्य दिसत असताना ते काठीनं हवेत खुणा करत: इधर त्रिशूल, ७१२० मीटर, लाँगस्टाफ, १९०७. सात हजार मीटरवरच्या शिखरावर माणूस पहिल्यांदा पोचला तो तिथं, आणि शेवटची सहा हजार फुटांची चढण त्यानं एका दिवसात मारली. उधर नंदादेवी, १९३६, टिलमन और ओडेल. पर्यटक काठीच्या टोकाकडे बघत आणि ढगाचे फोटो काढत. मामांनीही काढले. मग मामांनी त्यांना हिंदीत एक शंका विचारली. त्यांनी हिंदीत उत्तर दिलं. मामांना ते कळलं नाही, त्यांना मामांचं कळलं नव्हतं. शेवटी चहा आणणाऱ्या पोरानं मधे उभं राहून मामांचं हिंदी हिंदीत आणि त्यांचं हिंदी हिंदीत करून सांगायला सुरुवात केली. तासाभरात दोघांची गट्टी जमली. दोघांनाही आठशे रुपये लागलेले होते.

गच्चीवर एक मोठा रंगवलेला फलक होता, त्यावर सगळी शिखरं नावं आणि उंचीसकट काढलेली. ज्यांना परतायची घाई होती ते फलकासमोर उभे राहून फोटो काढून घेत आणि निघत. नातेवाइकांना कुणाला फरक कळणार आहे?

गांधीजी ज्या बंगल्यात राहिले तो आता अनासक्ती आश्रम आहे. कुमाऊँच्या दौऱ्यात थकलेले गांधीजी इथं विश्रांतीला म्हणून आले, दोनेक आठवडे राहिले आणि विश्रांती म्हणून गीतेच्या गुजराती भाषांतराची प्रस्तावना लिहून काढली. तिच्याखाली तारीख आहे २४ जून १९२९. पुढं ‘अनासक्तियोग’ प्रसिद्ध झाला तो १२ मार्च १९३० ला, ज्या दिवशी दांडीयात्रा निघाली त्याच दिवशी. जूनमध्ये कौसानीतून शिखरं दिसतीलच याचा भरवसा नसतो. फळाची आशा न धरता बसावं कसं, यावर लिहायला याहून योग्य महिना आणि याहून योग्य अंगण सापडलं नसतं. आश्रमात संध्याकाळी प्रार्थना असते. आम्ही गेलो. सगळे डोळे मिटून बसले होते. मामा एक डोळा उत्तरेकडे किलकिला ठेवून बसले होते.

कवी सुमित्रानंदन पंत यांचं जन्मघर गावातच आहे. १९०० सालचा जन्म. जन्मानंतर काही तासांतच आई गेली. नाव ठेवलं होतं गोसाईं दत्त, ते त्यांना आवडलं नाही म्हणून पुढं स्वतःच बदलून घेतलं. हिंदीतलं पहिलं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, १९६८ चं, ‘चिदंबरा’साठी. घराचं आता छोटं संग्रहालय आहे. त्यांचे कपडे, पुस्तकं, पत्रं. तिथल्या माणसानं आम्हाला दारातच जोखलं आणि यातलं काहीही न सांगता थेट म्हणाला, “अमिताभ बच्चन का नाम इन्होंने ही रखा था.” ते खरं आहे. आणि त्यानंतर मामांनी सगळं संग्रहालय मनापासून पाहिलं. कवीचं मोठेपण नाना वाटांनी पोचतं.

मग एक दिवस आम्हाला शांतता बाधली. रात्री साडेसातला गाव मिटलं. मोटार नाही, भोंगा नाही, लाउडस्पीकर नाही. कुठंतरी एक कुत्रं दोनदा भुंकलं आणि त्यालाही ओशाळल्यासारखं झालं असावं. ही शांतता शोधायला आलेली आमची ही साडेआठला म्हणाली, “काहीतरी लाव ना.” मामांना स्वतःच्या कानात शीळ ऐकू येऊ लागली आणि ती रक्तदाबाची आहे असं त्यांनी ठरवलं. मामी एकट्या निवांत विणत बसल्या होत्या. “घरी रोज एवढंच बोलणं असतं की आपलं,” त्या म्हणाल्या. नऊ वाजता पलीकडच्या खोलीतून मराठी मालिकेचं शीर्षकगीत ऐकू आलं. आम्ही चौघंही त्या भिंतीला टेकून बसलो.

दुसऱ्या दिवशी मामांनी फतवा काढला: दिसत नाही तर निदान फिरू, पैसे वसूल झाले पाहिजेत. बैजनाथला गेलो. गरूडच्या खोऱ्यात, गोमती नदीच्या काठावर, कत्यूरी राजांच्या वेळची दगडी देवळांची दाटी आहे. पार्वतीची काळ्या पाषाणातली मूर्ती बघत राहावी अशी. घाटाशी नदीत महाशीर मासे. हातभर लांब, जाड, निर्भय. देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी धरत नाही; उलट लोक चणे विकत घेऊन घालतात. मामी पायरीवर बसल्या, चण्याची पुडी संपली तरी उठेनात. गुहागरच्या त्या. इतके ताजे मासे इतक्या जवळून आणि इतक्या निरुपयोगी अवस्थेत त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. शेवटी त्यांनी डोळे मिटून हात जोडले. देवाला की माशांना, हे विचारायचं धाडस कुणाला झालं नाही.

तिथून बागेश्वर. सरयू आणि गोमतीचा संगम, त्यावर बागनाथाचं देऊळ. इंग्रजी अमलात साहेबाचं सामान गावकऱ्यांनी फुकट वाहायचं अशी इथं रीतच होती, कुली-बेगार. कुणाची पाळी कधी याच्या गावोगाव नोंदवह्या असत. १९२१ च्या मकरसंक्रांतीला, उत्तरायणीच्या जत्रेत, बद्रीदत्त पांडे आणि इतरांच्या पुढाकारानं जमलेल्या लोकांनी त्या वह्या सरयूच्या पात्रात फेकून दिल्या, आणि बेगार संपली. दाज्यूनं जागा दाखवली. मामा बराच वेळ पाण्याकडे बघत होते. सरकारी दप्तर नदीत पडल्याचं ऐकून त्यांच्या जिवाची घालमेल होणं स्वाभाविक होतं, पण संध्याकाळी हॉटेलवर आल्यावर त्यांनी आपली बॅग पोराच्या हातून काढून घेतली आणि स्वतः दोन मजले वर नेली. नंतर त्यांच्या कमरेला चोळायला त्याच पोराला बोलवावं लागलं.

त्या रात्री गारा पडल्या. पत्र्यावर तासभर असा काही गोंधळ झाला की मामांच्या कानातली शीळ थांबली. पहाटे दारावर धपाधपा थापा. “सर! खुल गया! खुल गया!”

सगळी गच्ची भरली. धूर धुऊन निघाला होता. आदल्या दिवशीपर्यंत जिथं काहीच नव्हतं तिथं, अपेक्षेपेक्षा खूपच वर, इतकं वर की आधी आपण मान खाली ठेवून बघत होतो हे तेव्हा कळलं, शिखरं उभी होती. त्रिशूळाची टोकं आधी गुलाबी झाली, मग केशरी, मग पांढरीधोप. बंगाली गृहस्थांनी दुर्बीण खाली ठेवली आणि नावं सांगायचं विसरले. मामी म्हणाल्या, “पाकळ्या काढून ताटात मांडलेल्या मोदकांसारखं दिसतंय.” मग सर्व मंडळींनी हिमालयाकडे पाठ केली आणि स्वतःचे फोटो काढायला सुरुवात केली.

मामा कुठं होते? हॉटेलात गरम पाणी सहा ते सात एवढंच येई, आणि ते आठशे रुपयांत धरलेलं होतं. मामांनी बादली भरून साबण लावला होता. आतून ओरडले, “थांबव रे त्याला पाच मिनिटं!” कुणाला, ते कळलं नाही. अखेर ते आले ते कमरेला टॉवेल, अंगावर हॉटेलची रजई, एका कानावर फेस अशा थाटात. तोवर खालच्या खोऱ्यातून ढग चढायला लागले होते. त्रिशूळाचं मधलं टोक तेवढं उरलं होतं. मामा कठड्याला धरून उभे राहिले आणि ते टोक बुडेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मामींनी त्यांच्या कानावरचा फेस पदरानं पुसला. मग मामा म्हणाले, “चार मिनिटं. तीन रात्रींचे चोवीसशे. म्हणजे मिनिटाला सहाशे.”

“काय स्वस्त,” मामी म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर अल्मोड्याला थांबून बाल मिठाई घेतली. भाजलेल्या खव्याची तपकिरी वडी, वरून साखरेचे पांढरे मणी लावलेली. वाटेत खाण्यासाठी घेतलेला किलो चितईपर्यंत पुरला नाही, आणि चितई अल्मोड्याहून आठ-नऊ किलोमीटरवरच आहे. तिथं गोलू देवतेचं देऊळ आहे. गोलू हा कुमाऊँचा न्यायदेव. ज्याला कुठंच न्याय मिळत नाही तो इथं येऊन लेखी अर्ज करतो, आणि काम झालं की घंटा बांधतो. घंटा हजारोंनी; पायरीपासून छपरापर्यंत, बोटभर ते घागरीएवढ्या. आणि त्यांच्यामधून दोऱ्यांना लटकलेले कागद. साधे कागद, वहीची पानं आणि चक्क स्टँपपेपर. दहा रुपयांचे, शंभर रुपयांचे, टाईप केलेले, खाली सही-तारीख. जमिनीचे तंटे, नोकरीच्या बढत्या, परीक्षा, लग्नं, हरवलेल्या म्हशी.

मामांचा चेहरा सबंध प्रवासात प्रथमच उजळला. इथं त्यांना सगळं समजत होतं. ते हात मागं बांधून एकेक अर्ज वाचत फिरू लागले. “याला संदर्भ क्रमांक नाही… हा बघ, मुद्देसूद आहे… यानं सोबत जोडपत्र म्हटलंय आणि जोडलेलंच नाही, कसा न्याय मिळणार?” एका अर्जाची पिन निखळली होती, ती त्यांनी नीट लावून दिली. मग बाहेरच्या दुकानातून दहा रुपयांचा स्टँपपेपर आणला, पायरीवर बसले आणि चिकट बोट सांभाळत लिहायला घेतलं. मी खांद्यावरून डोकावलो. विषय: हिमालय पूर्ण वेळ दिसण्याबाबत.

अर्ज दोऱ्याला बांधून झाल्यावर मामा पुजाऱ्यापाशी गेले.

“पंडितजी, इसका पोच कहाँ मिलता है?”

पुजाऱ्याला पोच कळेना. हिनं पावती म्हणून पाहिलं, मी रसीद म्हणालो. तेव्हा त्याच्या लक्षात आलं. “रसीद नहीं होती, बाबूजी. घंटी बजा दीजिए. हो गया.”

मामांनी घंटा वाजवली. क्षणभर विचार केला. मग पुन्हा वाजवली, आणि पुन्हा एकदा.

“तीन प्रतींत द्यावं लागतं,” ते बूट घालता घालता मला म्हणाले.